खून राहिला बाजूला : 'गुमनाम' पाहताना केलेली टिपणं

आपल्या मंडळाच्या अभ्यासगटात यंदा रहस्यकथा हा विषय घ्यायचं ठरलं, तेव्हा बहुतेकांनी कादंबऱ्यांची नावं दिली. मी 'गुमनाम' हा चित्रपट घेतला. 1965 सालचा, रंगीत, हिंदी. तुमच्यापैकी अनेकांनी तो अख्खा पाहिलेला नसेल, पण त्यातलं एखादं गाणं मोबाईलवर नक्की ऐकलं असेल. मराठी साहित्य मंडळात हिंदी चित्रपट कशाला, असं कोणी विचारण्याआधीच सांगतो : दिग्दर्शक राजा नवाथे, नायिका नंदा म्हणजे मास्टर विनायकांची मुलगी, आणि बेटावर अडकलेल्या पाहुण्यांत मराठी रंगभूमीवरून आलेले धुमाळ. शिवाय आम्ही शाहपूरची मंडळी हिंदी-मराठीची वाटणी तशीही फार काटेकोरपणे करत नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी, केळीच्या ट्रकपाशी दोन्ही.

दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. स्नेहसंमेलनासाठी आपल्याच दोन सदस्यांनी लिहिलेली रहस्य-एकांकिका मागच्या बैठकीत वाचली गेली. बाहेर धो धो पाऊस, वाड्यात अडकलेली सहा माणसं, खून, आणि मधून मधून विनोद करणारा घरगडी. वाचन चालू असताना सगळे पोट धरून हसले. शेवटी खुनी कोण ते कळलं, तेव्हा मात्र कोणालाच काही वाटलं नाही. "झालं का? चला, चहा सांगा," असं मागून कोणीतरी म्हणालंसुद्धा. ही एकांकिका दोन महिन्यांत रंगमंचावर जायची आहे आणि लेखकांनी 'काय बिघडलंय ते नीट सांगा' असा आग्रह धरला आहे. नीट सांगायचं तर एखादं मोठं उदाहरण समोर हवं, म्हणून हा लेख. रहस्य आधीच कळलं तर मजा जाईल असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबून चित्रपट पाहून यावं. पुढे मी खुन्याचं नाव सांगणार आहे.

गोष्ट अशी. एका क्लबात नाचगाणं चालू आहे. डोळ्यांवर मुखवटे लावलेले नर्तक, मधे लक्ष्मी छाया, मागे रफीचा आवाज. हे 'जान पहचान हो' गाणं पुढे अमेरिकेत पोचलं. 2001 च्या 'घोस्ट वर्ल्ड' या चित्रपटाची सुरुवातच त्याने होते. नाच संपतो, सोडतीत काही लोकांची नावं निघतात आणि त्यांना परदेश प्रवासाचं बक्षीस मिळतं. विमान वाटेत बिघाडाच्या कारणाने उतरवलं जातं, प्रवासी खाली येतात, आणि विमान त्यांना तिथेच टाकून उडून जातं. उरतात बॅरिस्टर राकेश (प्राण), डॉक्टर आचार्य (मदन पुरी), धरमदास (धुमाळ), किशन (मनमोहन), शर्मा (तरुण बोस), मिस किटी (हेलन), आशा (नंदा) आणि त्यांच्याबरोबर मागे राहिलेला विमान कंपनीचा माणूस आनंद (मनोज कुमार). जवळच एक जुनी हवेली आहे. तिथे एक बटलर (मेहमूद) आहे. आणि मग एकेक माणूस मरायला लागतो.

अगाथा ख्रिस्तीची 1939 ची कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना हा सांगाडा लगेच ओळखू येईल. 'अँड देन देअर वेअर नन' या नावाने ती आपल्या ग्रंथालयात आहे. बेटावर दहा माणसं बोलावली जातात. त्या दहांपैकी प्रत्येकाच्या हातून पूर्वी कोणाचा तरी जीव गेलेला आहे आणि कायद्याला ते सिद्ध करता आलेलं नाही. डॉक्टरने दारूच्या नशेत शस्त्रक्रिया केली, कोणी मोलकरणीला घराबाहेर काढलं, कोणी आपल्या ताब्यातल्या मुलाला मुद्दाम खोल पाण्यात पोहू दिलं. पहिल्याच रात्री तबकडीवरचा आवाज हे आरोप वाचून दाखवतो. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाच्या खुर्चीमागे आपल्याला एक मेलेलं माणूस उभं दिसतं. म्हणून त्या कादंबरीत मरण आलं की वाचक एकदम दोन प्रश्न विचारतो : हे कोणी केलं, आणि याला हे मिळायला हवं होतं का? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जड आहे. पुस्तक मिटल्यावर तोच मागे राहतो.

'गुमनाम' ने हे सगळं घेतलं. इथेही पाहुणे योगायोगाने जमलेले नाहीत, एका जुन्या गुन्ह्याने बांधलेले आहेत. इथेही खुनी आधी स्वतः मेल्याचं नाटक करतो आणि यादीतून आपलं नाव काढून घेतो. तो शर्मा. खरं नाव मदनलाल. आनंद शेवटी पोलिसांचा माणूस निघतो. कागदावर पाहिलं तर रचनेत फारशी खोट काढता येत नाही. तरुण बोस हा उत्तम नट आहे, शेवटच्या प्रसंगात त्याच्या डोळ्यांत जे दिसतं ते खरोखर भीतिदायक आहे.

मग मी एक साधा उद्योग केला. दिवाळीच्या सुट्टीत शाहपूरला होतो, तेव्हा ज्यांनी 'गुमनाम' पाहिला आहे अशा घरातल्या आणि शेजारच्या मोठ्या माणसांना विचारलं, तुम्हाला त्यातलं काय आठवतं? मोठे बाबा लगेच म्हणाले, "तो लुंगीवाला!" आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्याची चाल करून दाखवली. काकूंना हेलनचे कपडे आठवले. आत्याला गाण्यांची यादी क्रमाने पाठ होती. खुनी कोण, या प्रश्नावर मात्र पंचाईत झाली. मोठे बाबा म्हणाले, "प्राणच असंल, दुसरं कोण?" काकू म्हणाल्या, डॉक्टर. आत्या म्हणाली, "अरे, ते कशाला लक्षात ठेवायचं?" तरुण बोसचं नाव एकानेही घेतलं नाही. हा काही शास्त्रीय पाहणीचा आकडा नाही, पाच-सहा माणसांच्या गप्पा आहेत. पण ज्या चित्रपटात इतके खून पडतात, त्यातला खुनी प्रेक्षकाच्या डोक्यातून पुसला जातो आणि बटलर साठ वर्षं टिकतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

चित्रपट त्या काळी चांगला चालला. मेहमूदला आणि हेलनला त्यातल्या कामासाठी फिल्मफेअरची नामांकनंही मिळाली. तेव्हा 'फसलेला' हा शब्द मी तिकीटबारीच्या अर्थाने वापरत नाही. प्रेक्षकाने पैसे वसूल केले. फसला तो त्यातला खून.

का फसला, याचं सरधोपट उत्तर असं की विनोद फार झाला. मला हे पटत नाही. विनोद कमी केला असता तर चित्रपट आखूड झाला असता, चांगला झाला असता असं नाही. मेहमूदची प्रवेशाचीच जागा बघा. पाहुणे घाबरत घाबरत हवेलीत शिरतात. कोण्या बाईच्या गाण्याचा आवाज येतोय, दिसत कोणीच नाही. समोर पांढऱ्या चादरीखाली प्रेतासारखं कोणीतरी पडलेलं आहे. आणि ते उठून बसतं. तो बटलर! प्रेक्षक दचकतो आणि त्याच श्वासात हसतो. ही जागा मला फार आवडते, कारण इथे हसू भीतीच्याच पोटातून आलं आहे. चादर काढून टाकली तर विनोदही उरत नाही. शिवाय एक शंका मनात राहते : हा माणूस इथे आमची वाट का बघत होता?

ही शंका जिवंत ठेवली असती तर मेहमूदने कितीही धुमाकूळ घातला असता तरी चाललं असतं. पण चित्रपट ती लवकरच सोडून देतो. त्यानंतर बटलरचा विनोद एका खोलीत आणि खून दुसऱ्या खोलीत. एका बाजूला प्रेत सापडतं, सगळे थोडा वेळ सुन्न उभे राहतात, एकमेकांवर संशय घेतात. मग दृश्य बदलतं आणि बटलर किटीच्या मागे मागे. पुन्हा प्रेत. पुन्हा गाणं. मी एकदा वही घेऊन बसलो आणि प्रत्येक मृत्यूनंतर त्या माणसाबद्दल पुढे कोणी काही बोलतं का ते टिपत गेलो. वहीचं पान जवळजवळ कोरं राहिलं. ज्याला कोणी आठवत नाही त्याच्या मरणाचं प्रेक्षकाने काय करायचं?

बटलर विमानातून आलेला नाही. बक्षिसाच्या यादीत तो नाही, जुन्या गुन्ह्याच्या हिशेबात नाही. म्हणजे त्याला गमावण्यासारखं काही नाही. ख्रिस्तीच्या कादंबरीतही बटलर आहे, पण तो दहांपैकी एक आहे, त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या नावावरही एक आरोप आहे, आणि तो मारला जातो. त्यामुळे तो ताट वाढतानासुद्धा आपण त्याच्याकडे टक लावून बघतो. मेहमूदच्या बटलरकडे आपण फक्त हसायला बघतो. त्याच्या विनोदाला जोखीम नाही.

रेने क्लेअर या फ्रेंच दिग्दर्शकाने 1945 मध्ये हॉलिवूडमध्ये याच कादंबरीवर चित्रपट केला. त्यातही विनोद आहे, भरपूर आहे. एका जागी एक पाहुणा दाराच्या भोकातून दुसऱ्यावर नजर ठेवतो, तो दुसरा तिसऱ्यावर, तिसरा आणखी कोणावर, असं करत करत साखळी पूर्ण होते. आपण हसतो, आणि हसता हसता कळतं की या घरात आता कोणाचाच कोणावर विश्वास उरलेला नाही. त्यातल्या बटलरवर संशय घेतला जातो, तेव्हा तो दुखावतो आणि दारू पिऊन झिंगतो. तेही हसण्यासारखं आहे, पण ते संशयामुळे घडलं. खून काढला तर क्लेअरचा एकही विनोद उभा राहत नाही. 'गुमनाम' मधून खून काढा, बटलरचे बहुतेक विनोद तसेच्या तसे दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात नेऊन ठेवता येतील. मला सापडलेली कसोटी ही एवढीच, आणि पुढचं सगळं मी तिच्यावरच घासून पाहणार आहे.

आता एक गंमत. 'गुमनाम' चं शीर्षकगीत, लताबाईंचं, शंकर-जयकिशन यांचं. त्याची चाल ज्या सुरावटीवरून घेतली ती हेन्री मँचिनीची, 1963 च्या 'शराड' या चित्रपटातली. आणि खून व विनोद यांचा तोल सांभाळण्याच्या बाबतीत 'शराड' हे नमुन्याचं उदाहरण मानलं जातं. त्यातला अंत्यविधीचा प्रसंग आपण मंडळात एकदा पाहिला पाहिजे. नायिकेच्या (ऑड्री हेपबर्न) नवऱ्याचा खून झालाय, शवपेटी उघडी आहे, चर्चमध्ये जेमतेम चार माणसं. एकेक अनोळखी इसम आत येतो. एक जण पेटीपाशी जाऊन मेलेल्याच्या नाकाखाली आरसा धरतो. दुसरा येऊन त्याला चक्क टाचणी टोचतो. मेलाय याची खात्री झाल्यावर निघून जातात. प्रेक्षक हसतो, आणि बिचारी विधवा बघत राहते. त्या दोन मिनिटांत आपल्याला कळतं की मेलेला माणूस लबाड होता, या लोकांना त्याने फसवलं होतं, आणि आता ते हिच्या मागे लागणार. नवाथ्यांच्या चित्रपटाने तिथली चाल उचलली. हे कसब मात्र तिकडेच राहिलं.

कोणी म्हणेल, हॉलिवूडशी तुलना कशाला, आपला प्रेक्षक वेगळा, त्याला एका ताटात सगळं लागतं. मान्य. तो काळच तसा होता. रहस्यपटात विनोदी पात्राची वेगळी पंगत मांडायची पद्धत होती. 1962 च्या 'बीस साल बाद' मध्ये असित सेनचा तो संथ बोलणारा जासूस गोपीचंद आठवा. त्या नावाचा पुढे 1982 मध्ये राज कपूरला घेऊन स्वतंत्र चित्रपटच निघाला. आणि मेहमूद तर तेव्हा एवढा लोकप्रिय की त्याला आवरायचं कोणी? तरीही आपल्याच ताटात तोल सांभाळलेले पदार्थ आहेत, आणि त्यातले काही तर आपल्या अंगणातले.

खंडव्याचे गांगुली बंधू. 2003 पर्यंत आपलं बऱ्हाणपूर खंडवा जिल्ह्यातच होतं, तेव्हा किशोर कुमार हे आमच्याच जिल्ह्याचे, असं शाहपूरचे जुने लोक अजून म्हणतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. 1958 चा 'चलती का नाम गाड़ी' घ्या. तिघे भाऊ, त्यांचं मोटार गॅरेज, पावसाळी रात्री बिघडलेली गाडी घेऊन आलेली मधुबाला. ती दुरुस्तीचे पाच रुपये बारा आणे द्यायचे विसरून जाते. किशोर ते वसूल करायला तिच्या मागे लागतो. या फालतू रकमेचा पाठलाग करत करत तो एका खऱ्या कटापर्यंत पोचतो, जिथे के. एन. सिंग बसलेला आहे. पाच रुपये बारा आणे काढून टाका, नायक गुन्ह्याच्या जवळ जाणारच नाही. तसंच अशोक कुमार आणि प्राण यांचं 1972 चं 'विक्टोरिया नं. 203'. दोन म्हातारे चोर हिरे शोधत फिरतात आणि हिरे घोडागाडीच्या दिव्यात. विनोदी पात्रंच गुन्ह्याचा शोध घेणारी आहेत, दोन वेगळ्या पंगती नाहीतच. हे काही थोर चित्रपट आहेत असा माझा दावा नाही. पण त्यांत हसणाऱ्याला आणि घाबरणाऱ्याला एकाच दारातून आत घेतलंय.

आणि आपल्या अभ्यासक्रमातलं सर्वांत मोठं उदाहरण तर राम गणेश गडकऱ्यांचं. 'एकच प्याला' 1919 मध्ये, गडकरी गेल्यानंतर रंगमंचावर आलं. दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या संसाराची शोकांतिका, आणि तिच्या मधोमध तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ. परीक्षेत आपण 'विनोदी उपकथानकामुळे ताण हलका होतो' असं ठोकळेबाज वाक्य लिहून मोकळे होतो. मला वाटतं ताण हलका होत नाहीच. तळीरामाच्या मंडळात जी दारू प्रेक्षकाला हसवते तीच दारू सुधाकराच्या घरात सिंधूच्या जिवावर उठते. हसताना आपण नकळत त्या मंडळाचे सभासद होऊन बसतो. पुढे तळीराम स्वतः मरायला टेकतो, तेव्हाही वैद्य आणि डॉक्टर त्याच्या उशाशी भांडतात आणि आपण पुन्हा हसतो. मरणारा माणूस समोर असताना! गडकऱ्यांनी मुद्दाम आपल्याला तिथे आणून उभं केलं आहे. आता हीच जागा 'गुमनाम' शेजारी ठेवून बघा. तिथे प्रेत आणि हसू एकमेकांना कधी भेटतच नाहीत, भेटू दिलेलं नाही.

इंग्रजीच्या तासाला 'मॅकबेथ' झालेल्यांना त्यातला द्वारपाल आठवेल. राजाचा खून नुकताच झालाय, दारावर थापा पडताहेत, आणि हा झिंगलेला इसम आपण नरकाच्या दरवाजावर चाकरीला आहोत अशी कल्पना करत कड्या काढायला उशीर करतोय. बडबड विनोदी, पण आत खून झालाय हे प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि त्याला नाही. त्याच्याविषयी इतकं पुरे.

इथपर्यंतचं सगळं रचनेबद्दल झालं. पण 'गुमनाम' मधला बटलर मला दुसऱ्याच कारणाने सोडवत नाही. त्याची भाषा. तो हैदराबादी दखनी बोलतो. हवेलीतले बाकी सगळे चोख हिंदी-उर्दू बोलणारे, सुटाबुटातले. हा लुंगीत, रंगाने काळा, आणि बोलायला लागला की समोरच्याने हसायचं. तो काय बोलतो यावर नव्हे, कसा बोलतो यावर. बऱ्हाणपूरला दक्खनचा दरवाजा म्हणतात. त्या दरवाजात राहणाऱ्या माणसाला ही गंमत जरा टोचते. इंदूरला गेल्यावर आमच्या हिंदीतला मराठी हेल ऐकून समोरचा आधी हसतो, मग ऐकतो. पुण्याला गेलो की मराठीतला हिंदी हेल ऐकून तेच. शाहपूरच्या माणसाला दोन्हीकडे बटलरची भूमिका तयार असते.

मेहमूदचं मोठेपण असं की त्याने ही भूमिका उलटवली. 'हम काले हैं' हे गाणं वरवर टिंगलीचं आहे, पण त्यात तो माणूस हेलनच्या समोर उभा राहून आपल्या रंगाचा हिशेब मागतो. अडीच तासांच्या जवळपास चालणाऱ्या या चित्रपटात स्वतःबद्दल काही मागणारं हे एकच पात्र आहे असं मला वाटतं. बाकीचे घाबरतात, पळतात, मरतात. मोठ्या बाबांना साठ वर्षांनी लुंगीवाला आठवतो तो नुसता हसवला म्हणून नाही. तो त्यांना माणूस वाटला. पाहुण्यांपैकी एकालाही लेखकाने एवढं दिलं असतं, समजा धुमाळांच्या धरमदासला त्याच्या जुन्या पापाबद्दल मोकळेपणी बोलायला एक शांत प्रसंग दिला असता, तर त्याचं मरण लागलं असतं. धुमाळ ते करू शकले असते. विनोदी नट ते करतात, फक्त कोणी लिहून दिलं पाहिजे.

नंदाचंही तेच. 'गुमनाम' मध्ये तिला किंचाळणं, गाणं आणि मनोज कुमारकडे बघणं, एवढंच काम. चारच वर्षांनी, 1969 मध्ये, यश चोप्रांच्या 'इत्तेफाक' मध्ये तीच नंदा एका रात्रीत, जवळजवळ एका घरात, एकही गाणं नसलेल्या खुनाच्या गोष्टीत संपूर्ण चित्रपट पेलते. तिथे विनोदी पंगत नाही. सगळ्यांनी 'इत्तेफाक' सारखंच लिहावं असं माझं म्हणणं नाही. मला स्वतःला हसवणारा खून जास्त आवडतो. पण नटी तीच होती एवढं लक्षात ठेवू.

आता आपल्या एकांकिकेकडे. लेखकद्वयाला मी हे तोंडी सांगितलं आहे, इथे सगळ्यांसाठी लिहितो, कारण पुढच्या बैठकीत यावर वाद व्हायला हवा.

आपला गडी आमच्या भागातली बोली बोलतो आणि वाड्यातले बाकीचे पाचही जण पुस्तकी मराठी बोलतात. वाडा मात्र तापीकाठचा दाखवलाय! मालक तापीकाठचा असेल तर त्याच्याही तोंडी "काय भो, कुठी चालले" यायला हवं, निदान रागात तरी. सगळे एकाच बोलीचे झाले की गड्याच्या बोलण्यावर फुकटचं हसू येणार नाही, आणि मग त्याला खरा विनोद लिहून द्यावा लागेल. लेखकांना हे जड वाटतंय. मला वाटतं तेच करून बघण्यासारखं आहे.

दुसरं, गड्याला काहीतरी लपवायला द्या. सध्या तो खून झाला त्या रात्री कुठे होता हे कोणी विचारतही नाही. तो गडी आहे म्हणून? मग तेच नाटकात येऊ द्या : एक पात्र विचारायला जातं आणि दुसरं म्हणतं, "त्याला काय विचारायचं." प्रेक्षक हसेल आणि मग अस्वस्थ होईल.

तिसरी सूचना चहाची. गडी दर प्रवेशात चहा आणतो आणि मोजण्यात चुकतो, ही गंमत तुम्ही लिहिलीच आहे. ती पहिल्या प्रवेशातच संपवू नका. पहिल्या खुनानंतरही तो सहा कप घेऊन येऊ द्या. लोक हसतील, कारण त्याला मोजता येत नाही हे त्यांना माहीत आहे. ट्रे खाली ठेवताना त्याचा हात थांबू दे. मग तो एक कप उचलून परत नेईल, काही न बोलता. ज्याला मोजता येत नाही असं आपण धरून चाललो होतो, त्याला घरात कोण उरलंय ते बरोबर माहीत आहे. पुढच्या प्रवेशात पाच. त्याच्या पुढच्या प्रवेशात पाच माणसं खोलीत आहेत आणि गड्याने चारच कप आणलेत. इथे कोणी हसणार नाही असं वाटतं, पण तालमीत बघू. कदाचित हसतीलही, आणि ते हसू कसं ऐकू येतं तेच मला ऐकायचं आहे.

या शनिवारी दुपारी दोन वाजता वाचन आहे. 'शराड' मधला अंत्यविधी आणि 'गुमनाम' मधला चादरीचा प्रसंग आधी दाखवू, दोन्ही मिळून दहा मिनिटांत होतील. 'एकच प्याला' च्या ग्रंथालयात दोनच प्रती आहेत, त्यामुळे मदिरा मंडळाचा प्रवेश ज्यांच्याकडे स्वतःचं पुस्तक आहे त्यांनी घेऊन यावा. चहाचे सहा कप मी आणतो.